तिसरं कोण

"हरकत हाय," असं बायकांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं आणि मी यादी वाचायची थांबले.

पिंपरखडीच्या ग्रामसभेत तोवर बाईमाणसानं कधी हरकत घेतली नव्हती. बायका यायच्या, सही नाहीतर अंगठा करायच्या, शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायच्या आणि चहा झाला की घाईघाईनं घरी निघायच्या. त्यामुळे आधी मला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. मान वर करून बघते तर वैजंता मंडले उभी. उजव्या खांद्यावर मुलगा, डाव्या खांद्यावर मुलगी, दोघं जुळी, सात महिन्यांची आणि टक्क जागी. थोरली साक्षी, साडेतीन वर्षांची, तिच्या पदराला लोंबकळत होती.

"कसली हरकत?" मी विचारलं.

"तुमी आत्ता वाचलं न्हवं का, पयलं अपत्य साक्षी, दुसरं प्रणव, तिसरं प्रणाली, अपात्र. ते चुकीचं हाय. प्रणाली दुसरी हाय." तिनं उजवा खांदा जरा पुढं केला. "तिसरा ह्यो."

पुरुषांच्या बाजूला हशा पिकला. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं, कारण मी सरकारी माणूस होते.

तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. ग्रामसेविका म्हणून पहिलीच नेमणूक. आमच्याकडं ग्रामसेवकाला भाऊसाहेब म्हणतात. बाई आल्यावर काय म्हणायचं हे गावाला सुचेना, म्हणून त्यांनी मला 'भाऊसाहेब म्याडम' करून टाकलं. सांगलीहून आले होते, अंगात उत्साह मावत नव्हता, आणि वरून आलेलं प्रत्येक परिपत्रक मला घरच्या लग्नाच्या पत्रिकेसारखं वाटायचं. त्या वर्षी लहान मुलांच्या पोषणाची एक योजना आली होती. पाच वर्षांखालच्या मुलामागं दर महिन्याला ठरावीक रक्कम आईच्या खात्यावर. अट एकच, कुटुंबातली पहिली दोन मुलं. तिसऱ्याला काही नाही. यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची, हरकती तिथल्या तिथं निकालात काढायच्या आणि त्याच दिवशी पाचच्या आत तालुक्याला पोचवायची. ती दोन मुलांची अट मला भलतीच पसंत होती. वाडी-वस्तीवर जाऊन मी ती अशा काही आवेशात समजावून सांगायची की जणू मीच ती मंत्रालयात बसून लिहिली होती.

"ए, बस खाली," पुरुषांतून वैजंताचा नवरा जालिंदर उठला. डाळिंबाच्या बागांना फवारणी करायच्या कामावर जाणारा, उंच, तसा गरीब स्वभावाचा माणूस. बायकोकडं बघायचं टाळत तो मला म्हणाला, "म्याडम, तिचं मनावर घेऊ नगा. दवाखान्याच्या कागदावर हाय की. प्रणव दहा वाजून दहा मिनिटांनी, प्रणाली दहा चोवीसला. तुमी वाचलं त्येच बराबर हाय."

"दवाखान्याला काय कळतंय?" वैजंता म्हणाली.

आता सभा सरसावून बसली. मागं विडी ओढत उभे असलेले दोघं-तिघं विड्या टाकून पुढं आले. सरपंच हणमंतबापूंनी तर खुर्ची टेबलाजवळ ओढली. ते पाणीपुरवठ्याच्या विषयात झोपायचे, पण भांडणाला टवटवीत व्हायचे.

हे भांडण नुसतं यादीचं नव्हतं, आणि तिथं बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. टेबलाच्या डाव्या बाजूला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत जालिंदरची बहीण शालन बसली होती. आमच्या भागातली निम्मी माणसं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या, गलाईच्या धंद्यासाठी दक्षिणेत पांगली आहेत. शालनचं दुकान सेलमला होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. तिला मंडल्यांनी शब्द दिला होता, तिसरं तुझं. त्या संध्याकाळी मिरजेहून तिची गाडी होती, जीप शाळेच्या फाटकाशी उभी होती, मांडीवरच्या पिशवीत दुपट्यांच्या घड्या होत्या आणि तिच्याबरोबर प्रणाली जाणार होती. दत्तकाच्या कागदाचं नंतर बघू, असं ठरलं होतं.

मला ही व्यवस्था आवडलीच होती, हे इथं सांगून टाकते. दोघांना सरकारचा हातभार, तिसरं आत्याच्या घरी सुखात. मी आरोग्यकेंद्रातल्या लोंढे सिस्टरना म्हणालेही होते, "बघा, लोक नियोजन शिकले." सिस्टर लसीचा डबा उचलून पुढच्या घराकडं चालू लागल्या होत्या.

"बोल वैजंता," हणमंतबापू म्हणाले. "पोरगी मागनं झाली हे तुला मान्य हाय?"

"हाय."

"मग ती दुसरी कशी?"

"बापू, जुळ्यात मागनं येतं ते थोरलं. ह्ये काय मी सांगाय पायजे का तुमाला? जे आदी आत जातंय ते खोल बसतंय, म्हणून शेवटाला भाईर येतंय. समद्या गावाला ठाव हाय."

मी सांगलीची असूनही हे मला नवीन होतं. पण व्हरांड्यातल्या बायकांच्या माना एकदम हलल्या, आणि पुरुषांतल्या म्हाताऱ्यांच्याही. एकजण म्हणाला, "खरं हाय. आमच्या चुलत्यांच्यात असंच धरत्यात." दुसरा म्हणाला, "धरायचं काय त्यात, हायच तसं."

"अहो पण तारीख-वेळेनं नोंद होते," मी म्हणाले. "जन्माचं रजिस्टर माझ्याकडंच आहे."

"घड्याळ कुणाचं?" बापूंनी विचारलं.

"लोंढे सिस्टरचं."

सिस्टर कोपऱ्यात लसीचा डबा सांभाळत बसल्या होत्या. बापूंनी त्यांना उभं केलं. "सिस्टर, घड्याळ बरोबर व्हतं?"

"सेल नवा होता," सिस्टर म्हणाल्या. "मुलगा आधी, मुलगी चौदा मिनिटांनी. तसंच लिहिलंय." मग जरा थांबून त्यांनी पुस्ती जोडली, "पण थोरलं कोण ते मला विचारू नका. माझ्या माहेरीसुद्धा मागनं आलेलंच थोरलं."

पुन्हा गलका झाला. जालिंदर चिडला. "आता ह्ये जुनंपानं कशाला काढताय? काळ बदलला. कागद म्हणतोय तसं चालायचं."

हाच जालिंदर आदल्या महिन्यात अमावास्या आहे म्हणून बँकेत खातं उघडायला आला नव्हता. हे मला आठवलं. वैजंताच्या डोक्यात काय चाललंय हे मला कळत नव्हतं. दोन्ही हिशेबांनी मंडल्यांच्या घरात दोनच मुलांची रक्कम जाणार होती. नाव बदलून तिच्या हाती एक रुपयाही जास्त पडणार नव्हता. मग एवढ्या सभेत ही बाई कशासाठी उभी राहिली?

"आत्याबाई," वैजंतानं आता सासूला हाक मारली. शेवंताकाकू पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. रीतिभातीला एवढ्या पक्क्या की गावात कुणाच्या घरी कार्य असलं तर आधी त्यांना विचारायला जायचे. "बारशाला पाळण्यात आदी कुणाला घातलं?"

शेवंताकाकूंनी शालनकडं बघितलं.

"मी ओंजळीत प्रणवला घिऊन पुढं झाले, तवा तुमी मला मागं सारलं. सगळ्या बायकांम्होरं सारलं. काय म्हणला तवा?"

"ते आता कशाला?"

"म्हणला, थोरलं आदी घालत्यात, एवढं बी कळंना का. आनि प्रणालीला आदी घातलं. तिच्या कानात आदी नाव सांगितलं. कुणी सांगितलं? वन्सनीच सांगितलं."

सगळ्या बायका शालनकडं बघायला लागल्या. बारशाला ती सेलमहून आली होती आणि आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचाच होता. शालननं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "व्हय. प्रणालीच्या कानात आदी सांगितलं."

"मग आत्याबाई, थोरली कोण?"

मला अजून दिसतात त्या. अठरा वर्षं झाली, शेवंताकाकू आता नाहीत, पण त्यांची ती अडचण डोळ्यांसमोर आहे. नातीला थोरली म्हणावं तर शब्द फिरतो, धाकटी म्हणावं तर सगळ्या गावासमोर आपण बारशात चुकलो असं होतं. आणि बारशात चुकणं त्यांना मरणाहून वाईट. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाल्या, "रीत रीतच असती. थोरली प्रणाली."

"आये," जालिंदर ओरडला.

"मग काय खोटं बोलू?"

सभा नुसती उसळली. हणमंतबापूंनी टेबलावर थाप मारली. "हात वर करा. प्रणाली दुसरी, प्रणव तिसरा, हे कुणाकुणाला मान्य?" व्हरांड्यातले सगळे हात वर गेले. पुरुषांतले निम्म्याहून जास्त गेले, त्यातले काही तर केवळ मजा म्हणून. मी उठून सांगायला लागले की नोंदीच्या वेळा ठरावानं बदलत नाहीत, तर बापू म्हणाले, "म्याडम, हरकत ऐकायचा अधिकार सभेला हाय का न्हाई? परिपत्रक तुमीच वाचलं." मी परिपत्रक परत बघितलं. अधिकार होता. नोकरीतला पहिलाच पेचप्रसंग, आणि तोही असा की वरच्या साहेबांना फोन करून विचारायचीही सोय नव्हती. काय विचारणार?

"ठराव मंजूर," बापू म्हणाले. "लिवा."

मी यादीतली दोन नावं खोडून वर-खाली लिहिली. दुसरं अपत्य प्रणाली, पात्र. तिसरं अपत्य प्रणव, अपात्र. टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं.

वैजंता व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली आली. डाव्या खांद्यावरची मुलगी तिनं शेजारणीकडं दिली. मग ती सरळ शालनच्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांवर मुलाला घेऊन तिनं पुढं धरलं.

"वन्सं, घ्या. तिसरं तुमचं."

शालनचे हात आपोआप वर आले होते. ती मुलाकडं बघत होती, मग भावाकडं, मग परत मुलाकडं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, तिला ते खरं वाटलं होतं.

जालिंदर दोन ढांगांत मध्ये आला. "काय चालवलंयस? त्येला कसा देणार?"

"शब्द दिलाय तुमी."

"पोरीचं बोलणं झालं व्हतं."

"पोरीचं कवा झालं? मी पोटुशी असताना झालं बोलणं. तवा पोरगी का पोरगा कुणाला ठाव व्हतं? आत्याबाईंनी फोनवर सांगितलं, मी शेजारी बसलेली. जुळी हाईत, दोन आमची, तिसरं तुझं. तिसरं म्हणल्या. आता सभेनं तिसरा ह्यो ठरवला." तिचा आवाज कापत होता, पण मुलाला धरलेले हात हलले नाहीत. "घ्या वन्सं. गाडी चुकंल."

"वैजंता," शेवंताकाकू उठून उभ्या राहिल्या. "अगं, तो मुलगा हाय."

"व्हय आत्याबाई. माझाच हाय. मला ठाव हाय."

"तिसऱ्याला सरकार काय देत न्हाई, म्हणून तर द्यायचं ठरलं व्हतं," वैजंता जालिंदरकडं वळली. "ह्येला बी न्हाई देत आता. म्याडमनी लिवलं. मग ह्येला कसं सांभाळायचं?"

"कसं म्हंजी?" जालिंदर लालबुंद झाला होता. "सरकारनं न्हाई दिलं तर नगं देऊ. माझं हातपाय धड हाईत की. दोन फवारण्या जास्त करीन. उपाशी ऱ्हाईन, पण तिसरं पोर सांभाळीन. माझं लेकरू दुसऱ्याच्या दारात ठेवणार न्हाई."

वैजंतानं मुलाला परत खांद्यावर घेतलं. तिनं इतका मोठा श्वास सोडला की मला टेबलापाशी ऐकू आला.

"बापू, ऐकलं न्हवं सगळ्यांनी?"

"ऐकलं," हणमंतबापू म्हणाले. त्यांचा खेळकरपणा कुठं गेला होता कुणास ठाऊक.

"म्याडम, सभेच्या वहीत लिवा. सरकारनं दिलं न्हाई तरी तिसरं मी सांभाळीन, दुसऱ्याच्या दारात ठेवणार न्हाई. ते म्हणले तसंच लिवा. आनि सही घ्या त्यांची."

मी लिहिलं. माझं अक्षर एरवी चांगलं आहे, त्या पानावर ते वाकडंतिकडं आहे. जालिंदरनं सही केली. मुलगा वाचला या आनंदात त्यानं ती अगदी ठसठशीत केली, खाली रेघ ओढून.

त्यानं पेन खाली ठेवलं आणि वैजंता म्हणाली, "आता यादी पयल्यासारखी करा. घड्याळापरमानं. दुसरा प्रणव, तिसरी प्रणाली. ते खोटं नगं माझ्या नावावर. माझी हरकत मी मागं घेती."

मला समजायला दोन-चार क्षण लागले. व्हरांड्यातल्या बायकांना माझ्याआधी समजलं. तिथून आधी एक हसू फुटलं, मग दुसरं, मग कुणीतरी पदरानं डोळे पुसले. जालिंदर सहीकडं बघत होता. ती त्याचीच होती, आणि तिच्या वरच्या ओळीत मुलगा असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. तिसरं, एवढंच होतं.

"पैसं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"तिला नगंत," वैजंता म्हणाली. "बाप सांभाळतो म्हणलाय."

मग तिनं जाऊन शेजारणीकडून मुलीला घेतलं. मला इतका आनंद झाला होता की टेबलावर चढून ओरडावंसं वाटत होतं. बायका तिच्याभोवती गोळा झाल्या. शेवंताकाकूंनी काही वेळ तोंड फिरवून घेतलं, मग त्याही पुढं झाल्या आणि त्यांनी साक्षीला कडेवर घेतलं. लोंढे सिस्टर माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या, "लिहा आता घड्याळाप्रमाणं. सेल नवा होता." मी तिसऱ्यांदा ती दोन नावं लिहिली. प्रणालीच्या पुढं परत अपात्र लिहिलं. या वेळी तो शब्द लिहायला मला वेळ लागला.

सभा पांगली. तालुक्याला यादी घेऊन जायचं म्हणून मी फाटकाशी माझी स्कूटी काढत होते. जीप अजून तिथंच होती. शालन एकटीच बाहेर आली. पिशवी तिच्या हातात होती. ती रडली नव्हती, निदान तसं दिसत नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. वैजंतानं तुमच्यावर राग धरून केलं नाही."

"न्हाई वं. तिचं बरोबर हाय. मी तिच्या जागी असते तरी असंच केलं असतं." तिनं जीपच्या दाराला हात लावला आणि थांबली. "म्याडम, एक विचारू?"

"विचारा."

"वैजंताला बाळंत व्हायला दोन म्हैनं ऱ्हायलं व्हतं, तवा तुमी आमच्या वस्तीवर बायकांची मीटिंग घेतली व्हती. आई सांगत व्हती. तिसऱ्याला सरकारकडनं काय मिळणार न्हाई, असं तुमी लई समजावून सांगितलं. आईनं मला त्याच दिवशी फोन केला."

मला ती मीटिंग आठवली. फार छान झाली होती. बायकांनी मला ओवाळलं होतं.

"तुमी तसं सांगितलं नसतं तर आईनं मला फोन केला असता का?"

खोटं बोलता आलं असतं. पण थोड्याच वेळापूर्वी एका बाईनं एवढ्या लोकांसमोर खोटं नको म्हणून स्वतःची जिंकलेली हरकत मागं घेतली होती.

"नसता केला," मी म्हणाले.

शालननं मान हलवली. मनातल्या मनात तिनं काहीतरी मोजलं असावं. ते दोन महिने आणि नंतरचे सात.

"म्हंजी नऊ म्हैनं मी उगंचच आई झाले," ती म्हणाली, आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली.